वाचकांचे प्रश्न : साठ केसेस, बीपीचं मशीन आणि धाराशिवची गावं

(उत्तरं देणाऱ्या बाई मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यक) विभागात सांख्यिकी शिकवत होत्या. आता निवृत्त, मुक्काम लातूर.)

प्रश्न : मॅडम, मी एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिसिसमध्ये दोन औषधांची तुलना करायची आहे. सर म्हणतात, "साठ केसेस घे, तीस-तीस. सगळे तेवढ्याच घेतात." पण एथिक्स कमिटीनं सँपल साईझचं (किती रुग्ण घेणार त्याचं) कारण लिहा आणि कन्सॉर्टचा फ्लो चार्ट जोडा, असं म्हणून फाईल परत पाठवली. हे कन्सॉर्ट काय प्रकरण आहे?
— एक निवासी डॉक्टर, नांदेड

उत्तर : कमिटीत कुणीतरी फाईल उघडून वाचतंय म्हणायचं. अभिनंदन त्यांचं. कन्सॉर्ट म्हणजे औषधाच्या चाचणीच्या अहवालात काय काय लिहायलाच हवं याची यादी; तिच्याकडे पुढं येते.

आधी साठचा हिशोब करू. समजा, जुन्या औषधानं ६० टक्के रुग्णांना गुण येतो आणि नव्यानं ७५ टक्क्यांना येईल अशी तुमची अपेक्षा आहे. शंभरात पंधरा जण जास्त बरे होणं म्हणजे औषध उत्तमच. हा फरक पकडायची शक्यता ८० टक्के तरी हवी असेल, तर प्रत्येक गटात दीडशेच्या आसपास, म्हणजे एकूण तीनशे रुग्ण लागतात. तीस-तीसमध्ये काम उरकलंत, तर फरक खरोखर असूनही तो सापडायची शक्यता चारात एक. मग तुम्ही लिहिणार "दोन्ही औषधांत फरक आढळला नाही", आणि पुढचा विद्यार्थी ते वाक्य "फरक नाही" म्हणून उतरवून घेणार. फरक आढळला नाही आणि फरक नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एवढ्याच मुद्द्यावर दोघांनी एक टिपण लिहिलं. त्यातले एक डग ऑल्टमन. कन्सॉर्टमागच्या प्रमुख लोकांत तेच होते.

ऑल्टमन डॉक्टर नव्हते. जन्म १९४८चा. बाथ विद्यापीठातून १९७० साली सांख्यिकीची पदवी घेतली आणि लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये, सामुदायिक वैद्यक विभागात नोकरीला लागले. म्हणजे आमचाच विभाग की! कॉलेजात ज्याला "पीएसएमवाले, आकडे मोजणारे" म्हणतात तो. पुढे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे, मग कर्करोग संशोधनात, आणि १९९५ पासून ऑक्सफर्डच्या सेंटर फॉर स्टॅटिस्टिक्स इन मेडिसिनचे संस्थापक संचालक. २०१८ मध्ये ते गेले.

१९८० साली त्यांनी एक लेखमाला लिहिली. चुकीची सांख्यिकी वापरणं ही नुसती तांत्रिक चूक नाही, ते अनैतिक आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. ज्या अभ्यासातून उत्तर निघणारच नाही त्यात रुग्णाला ओढायचं, सुया टोचायच्या, हेलपाटे घालायला लावायचे, हा अन्याय आहे. त्याच मालेत सँपल साईझ काढायचा एक आलेख होता. एका बाजूला अपेक्षित फरक, दुसऱ्या बाजूला तो पकडायची शक्यता. दोन्हींवर पट्टी ठेवली की मधल्या रेघेवर रुग्णसंख्या मिळते. कॉम्प्युटर आमच्या विभागात पोचायच्या आधी त्याची झेरॉक्स माझ्या टेबलाच्या काचेखाली असायची. गाईड मंडळी पट्टी लावून आकडा बघायची आणि हळूच विचारायची, "बाई, साठवर येईल असं काही करता येतं का?"

१९९४ साली याच माणसानं लिहिलं की संशोधन कमी करा, चांगलं करा आणि योग्य कारणासाठी करा. करिअरसाठी संशोधन करावंच लागतं म्हणून ते शिकलेलं नसतानाही लोक करतात, हे त्यांचं रोगनिदान होतं. आपल्या पीजी थिसिसकडे बघून लिहिलंय की काय, असं वाटावं.

आता कन्सॉर्ट. दोन गटांत रुग्ण कसे वाटले, हे बहुतेक शोधनिबंधांत धड लिहिलेलंच नसायचं. ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २५० चाचण्या (ट्रायल) तपासल्या. पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे नीट लपवलेलं नव्हतं, तिथं उपचाराचा परिणाम (ऑड्सच्या, म्हणजे गुण आलेल्या आणि न आलेल्यांच्या गुणोत्तराच्या हिशोबात) ४१ टक्क्यांनी फुगलेला निघाला. आपल्याकडे केसपेपरचा नंबर सम की विषम यावर औषध ठरवतात, किंवा सोमवारच्या ओपीडीला एक, मंगळवारच्या ओपीडीला दुसरं. कोणता रुग्ण कुठं जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत. मग जरा बरा दिसणारा रुग्ण नव्या औषधाच्या दिवशी बोलावला जातो, आणि कुणाच्या मनात वाईट नसतानाही जातो. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८च्या प्रसिद्ध चाचणीत सांख्यिकीतज्ज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी गटाची चिठ्ठी आत असलेली बंद पाकिटं वापरली ती यासाठीच.

१९९६ साली कन्सॉर्टची पहिली यादी निघाली. २०१०च्या आवृत्तीत २५ मुद्दे होते. तुम्हाला मागितलेला फ्लो चार्ट हा तिचा जीव. किती रुग्ण तपासले, किती वगळले आणि का, कुठल्या गटात किती गेले, किती मधेच सुटले, शेवटी हिशोबात किती धरले. बीड-केजकडच्या रुग्णांवर अभ्यास करणाऱ्यानं "मधेच सुटले" हा चौकोन जपून भरावा. दिवाळीनंतर माणूस ऊसतोडीला जातो, फॉलोअपला कोण येणार? दोन्ही गटांतून सारखेच गेले तर संख्या घटली, एवढंच. पण औषधानं मळमळतं म्हणून एका गटातले जास्त गेले आणि तुम्ही ते सगळे "ऊसतोडीला गेले" या खात्यात टाकले, तर थिसिस तिथंच संपला.

तीनशे रुग्ण तीन वर्षांत मिळणार नसतील तर विषय बदला. सरांना सांगायची हिंमत होत नसेल तर कमिटीचं पत्र पुढं करा.

प्रश्न : बाई, मी घरी डिजिटल बीपी मशीन घेतलं. दवाखान्यातल्या पाऱ्याच्या मशीनपेक्षा ते बहुधा जास्तच दाखवतं. दुकानदारानं कागद दाखवला, त्यावर "कोरिलेशन ०.९८" आहे. म्हणजे मशीन बरोबर समजायचं का?
— निवृत्त मुख्याध्यापक, परभणी

उत्तर : नाही, गुरुजी. एखादं मशीन प्रत्येक वेळी बरोबर दहानं जास्त दाखवत असेल, तर त्याचं कोरिलेशन पुरतं १ येईल. एकाचा आकडा चढला की दुसऱ्याचाही चढतो, एवढंच ते सांगतं. दोघांचे आकडे जुळतात का, हा प्रश्नच निराळा.

हेसुद्धा ऑल्टमन यांचंच काम. सांख्यिकीतज्ज्ञ मार्टिन ब्लँड यांच्यासोबत त्यांनी १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पद्धत दिली, आणि तो लेख वैद्यकशास्त्रात सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांपैकी आहे. पद्धत तुमच्या सातवीच्या वर्गालाही जमेल. त्याच माणसाचं बीपी दोन्ही मशीनवर घ्यायचं, वजाबाकी करायची, अशा पुष्कळ माणसांच्या वजाबाक्या मांडायच्या. समजा फरकाची सरासरी ५ आणि प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ८ आलं, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना विचलनाच्या साधारण दुप्पट जायचं; म्हणजे ९५ टक्के वेळा तुमचं मशीन दवाखान्यातल्या मशीनपेक्षा ११ कमी ते २१ जास्त यांच्या दरम्यान काहीही दाखवेल. २१चा फरक चालेल का, हे सांख्यिकी सांगत नाही, डॉक्टरनं सांगायचं.

तुम्ही मशीन दवाखान्यात घेऊन जा. पाच मिनिटं शांत बसा, दंड काळजाच्या उंचीवर ठेवा, कफ दंडाच्या मापाचा आहे का बघून घ्या, आणि आलटून पालटून दोन्हींवर मोजा. फरक वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःच्या मनानं कमी करू नका.

प्रश्न : सन २०००च्या आसपास आमच्या भागात बायकांच्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. मावशीच्या गावात तपासणी झाली, आईच्या गावात नाही. मावशी म्हणते, गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माणसांच्या जिवाच्या अशा चिठ्ठ्या टाकतात का?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : टाकतात. आणि तुमच्या प्रश्नावर जाणकारांतही भांडणं झालेली आहेत, म्हणून सविस्तर सांगते.

तो अभ्यास जगभर "उस्मानाबादची चाचणी" म्हणून ओळखला जातो. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलकडे १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी होती, त्यामुळं कुणाला कॅन्सर झाला आणि कोण दगावलं हे कळायची सोय होती. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सोबत होत्या. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात घेतल्या. गावांचे ५२ समूह केले आणि ते चार गटांत वाटले : एकात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नजरेनं तपासणी, आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. आईचं गाव बहुधा चौथ्यात गेलं.

एकेक बाई न वाटता गावं का वाटली? एका गल्लीत शेजारणीची तपासणी करायची आणि हिला परत पाठवायचं, हे जमणारं नव्हतं. पण याची किंमत मोजावी लागते. एका गावच्या बायकांचं लग्नाचं वय, बाळंतपणं, दवाखान्याचं अंतर सारखं असतं. भाताची शितं शंभर चाचपली तरी हंडी एकच. म्हणून सव्वा लाखाचं बळ हिशोबात सव्वा लाखाचं राहत नाही. समूह किती होते आणि हा सारखेपणा गणितात कसा धरला, हे लिहायलाच हवं, असं कन्सॉर्टची २००४ची पुरवणी सांगते. तिच्या लेखकांतही ऑल्टमन आहेत.

निकाल २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ या कॅन्सरनं गेल्या, चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन तपासण्यांत ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. आज कुठली चाचणी आधी करावी याची चर्चा जगात कुठंही झाली तरी आपल्या जिल्ह्याचं नाव निघतं.

आता चौथा गट. टीकाकार म्हणतात, तपासणीनं जीव वाचतात हे इतर देशांत दिसलेलं असताना तिच्याविना गट ठेवायला नको होता. दुसरी बाजू म्हणते, त्या गावांत तपासणी कुठल्याच बाईला मिळत नव्हती, आणि आपल्या परिस्थितीत कुठली चाचणी चालते हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझं मत विचाराल तर तुलनेचा गट नसता तर नजरेच्या तपासणीचीही वाहवा झाली असती, कारण कॅन्सर तीही शोधतेच; मरणं कमी होतात का, ते तुलनेशिवाय दिसत नाही. पण ज्या बायकांच्या न मिळालेल्या तपासणीवर हे ज्ञान उभं राहिलं, त्यांना पहिला मान मिळायला हवा होता. एचपीव्ही चाचणी आजही आपल्या आरोग्य केंद्रावर सहज मिळत नाही, याचा मला राग आहे. त्या चौसष्ट जणी आपल्याच भागातल्या होत्या.

घरात ३० ते ६५ वयाची कुणी असेल तर तिला आरोग्य केंद्रात पाठवा. नजरेची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आईचं वय जास्त असेल आणि पाळी गेल्यावर अंगावरून जात असेल, तर थांबू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात वडिलांना नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतात. हो म्हणावं का?
— एक वाचक, जालना

उत्तर : हो किंवा नाही मी इथून सांगणार नाही. ट्रायलचा सीटीआरआय नंबर मागा. ही आपली राष्ट्रीय नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे. नंबर टाकला की कुठल्या औषधाशी तुलना आहे, किती रुग्ण घेणार आणि काय मोजणार, हे संकेतस्थळावर दिसतं. गट कोण ठरवणार तेही विचारा. डॉक्टर म्हणाले, "मी बघतो तुमच्या वडिलांना चांगल्या गटात टाकायचं," तर ते ट्रायल नव्हे, उठा तिथून. अपाय झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. आणि संमतीपत्र मराठीत नसेल तर सही करू नका. ते मराठीत आणून देणं त्यांचं काम आहे.