कंपोझिट कनूमध्ये हवेच्या पिशव्या पक्क्या कशा बसवाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, केवलार (अतिशय मजबूत कृत्रिम धागा) आणि फायबरग्लास यांच्या कापडाचे थर राळेने जोडून केलेली, म्हणजेच कंपोझिट, सोळा फुटी कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, उघडी नाव) कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील मदावास्का नदीच्या खळाळत्या पाण्यात न्यायची आहे, तर हवेच्या पिशव्या बांधण्यासाठी काठाखाली नावेच्या अंगात ओळीने भोके पाडावीत का. माझे स्पष्ट मत असे की पाडू नयेत. भोके पाडायला सांगणाऱ्या जुन्या सूचना बहुतेक रॉयलेक्सच्या कनूंसाठी लिहिलेल्या आहेत. २०१४ मध्ये उत्पादन बंद झालेले ते प्लास्टिक जाड होते, मध्ये फोमचा थर असे, आणि त्यात पाडलेले भोक स्वच्छ राही. केवलारचे तसे नाही. ड्रिल फिरले की त्याचे धागे कापले न जाता पिंजले जातात, भोकाच्या कडेला पिवळसर लव उभी राहते, ती पॉलिश पेपरने घासली तर आणखी फुलते, आणि त्या लवेतून पाणी थरांमध्ये झिरपू लागते.

पिशवी नेमके काय करते, हे आधी लक्षात घ्यावे. आपल्या नावेच्या दोन्ही टोकांना बहुधा बंद कप्पे असतील. त्यांच्यामुळे नाव तळाला जात नाही, एवढेच. पाणी मात्र भरतेच, आणि सोळा फुटी कनूत ते चारशे लिटर सहज मावते. म्हणजे प्रवाहात वाहणारे चारशे किलो वजन, आणि ते खडकाला आडवे अडकले की नाव मोडते. पिशवी ही पाण्याची जागा अडवते. पण शंभर लिटरची पिशवी पूर्ण बुडाली की जवळपास शंभर किलोच्या जोराने वर उसळते. त्यामुळे खरा प्रश्न पिशवी कोणती घ्यावी हा नसून तिला खाली दाबून काय धरणार, हा आहे.

माझ्या पहिल्या कनूत मी फक्त वरून दोरीची जाळी विणली होती. नाव उलटली तेव्हा पुढची पिशवी जाळीखालून मधल्या मोकळ्या बाजूला सरकली आणि साबणाची वडी मुठीतून निसटावी तशी बाहेर पडली. ती हवेने तट्ट फुगलेलीच होती, पण पाण्यावर माझ्यापुढे तरंगत चालली होती आणि नाव काठोकाठ भरली होती. तेव्हापासून जाळी आणि तळाचा पट्टा या दोन्ही गोष्टी मी अनिवार्य मानते.

जाळीचा भार काठाच्या पट्टीवर द्यावा. लाकडी पट्टीत आतून खाचा ठेवलेल्या असतील तर दोरी थेट त्यांतून ओवता येते. खाचा नसतील तर आतल्या पट्टीच्या खालच्या बाजूस दहा-बारा सेंटिमीटर अंतराने नायलॉनच्या छोट्या कड्या स्टेनलेस स्क्रूने बसवाव्यात. आधी बारीक भोक पाडून घेतल्यास लाकूड चिरत नाही. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर ॲल्युमिनियमचेच रिव्हेट वापरावेत. स्क्रूचे टोक कुठेही पिशवीकडे डोकावत नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोरी तीन-चार मिलिमीटरची आणि पॉलिस्टरची असावी, कारण नायलॉन भिजले की ताणले जाते आणि सकाळी घट्ट वाटलेली जाळी दुपारी सैल पडते.

तळाच्या पट्ट्यासाठी तळाला आरपार बोल्ट लावू नये, विशेषतः तळात फोमचा थर असेल तर मुळीच नाही. मी पंचवीस मिलिमीटर रुंद पॉलिस्टर पट्ट्याचा फास करून त्याची दोन्ही शेपटे तळावर इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेने) चिकटवते आणि त्यांवर फायबरग्लास कापडाचे दोन थर देते. वरचा थर खालच्यापेक्षा चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा आणि कोपरे गोल असावेत. त्याआधी ती जागा पॉलिश पेपरने हलकी खरवडून घ्यावी, पण केवलारचे धागे उघडे पडू देऊ नयेत, आणि मग ॲसिटोनने पुसून पूर्ण सुकू द्यावी. फासाच्या मोकळ्या भागात राळ शिरली तर तो काडीसारखा कडक होऊन मोडतो, म्हणून त्याला प्लास्टिकची चिकटपट्टी गुंडाळून ठेवावी. साधी पॉलिस्टर राळ इथे वापरू नये. इपॉक्सीच्या नावेवर ती नीट धरत नाही, उलट इपॉक्सी दोन्ही प्रकारच्या राळेच्या नावांवर धरते.

यातली एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चिकटवलेला जोड सरपटत्या ओढीला फार दणकट असतो, पण कडेपासून सोलला जाऊ लागला की चटकन हार मानतो. म्हणून पट्टा तळापासून सरळ वर जाऊ देऊ नये. फास पिशवीच्या रुंद टोकाशी बसवावा, शेपटे नावेच्या लांबीच्या दिशेने असावीत, आणि पट्टा तिथून तिरका चढून पिशवीच्या पाठीवरून टोकाच्या आडव्या दांडीला बकलने बांधावा. मी प्रत्येक पिशवीला असे दोन पट्टे देते. पिशवीच्या टोकाची छोटी कडी फक्त तिला जागेवर ठेवण्यापुरती आहे. तिच्यावर भार टाकल्यास शिवण उसवते.

पिशवी अर्धवट फुगवून जागेवर ठेवावी, जाळी विणून ताणावी आणि मगच पूर्ण हवा भरावी, म्हणजे ती जाळीवर आणि दोन्ही बाजूंवर घट्ट दाबली जाते. दोरीची लोंबती टोके कापून टाकावीत आणि पाय अडकेल असा एकही सैल फास ठेवू नये. उलटलेल्या नावेखाली तो जिवावर बेततो. जॅकेटवर हाताशी सुरी असावीच. नदीवर नेण्यापूर्वी उथळ, शांत पाण्यात नाव मुद्दाम बुडवून उलटी करावी आणि पिशवी दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहावी.

हवेकडे मात्र रोज लक्ष द्यावे लागते. उन्हात ४५ अंशांपर्यंत तापलेली पिशवी १० अंशांच्या पाण्यात गेली की तिचे आकारमान सुमारे एक-दशांशाने घटते आणि पट्टे सैल पडतात, म्हणून नाव पाण्यात सोडल्यावर दहा मिनिटांनी नळीने पुन्हा हवा भरावी, आणि जेवणासाठी काठावर उन्हात नाव ओढली की पिशवीतली थोडी हवा सोडून द्यावी.