यॉर्कला पहिल्यांदाच राहणार असाल तर

इंग्लंडमधल्या या जुन्या शहरासाठी दोन रात्री ठेवल्या असतील तर बरं केलंत. 'काय काय पाहायचं'ची यादी तूर्त राहू द्या, आधी खोलीचं बघू.

- हॉटेल जुन्या तटबंदीच्या आत किंवा स्टेशनजवळ घ्या. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून ट्रेनने साधारण २ तास, स्टेशनपासून मिन्स्टर (तिथलं भव्य कॅथेड्रल) पायी १५ मिनिटांवर. गाडी भाड्याने घेऊच नका, आत पार्किंग म्हणजे डोक्याला ताप.
- तारखा पक्क्या करण्याआधी घोड्यांच्या शर्यती कधी आहेत ते पाहा. ऑगस्टातल्या ईबोर फेस्टिव्हल या शर्यतींच्या वेळी खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात.
- लिफ्ट आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. मी विचारलं नव्हतं. तिसरा मजला, अरुंद वळणाचा करकरणारा जिना, २४ किलोची बॅग आणि मागून सासूबाई! 'मिन्स्टर व्ह्यू' मिळाला म्हणा, पण खिडकीतून मान बाहेर काढली तरच.

मिन्स्टर पाहायला तिकीट लागतं. संध्याकाळच्या इव्हनसाँग या गायनासह होणाऱ्या प्रार्थनेला मात्र काही लागत नाही. १४७२ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूत गायकवृंद ऐकायचा असेल तर जरा आधीच जाऊन बसा. आणि स्वेटर घाला, आत गारठा असतो.