१० वर्षं मुरलेली राय व्हिस्की कशी चाखावी? कॉकटेलमध्ये घातली तर वाया जाते का?

तुम्ही लिहिलंय की भावाने अमेरिकेहून १० वर्षं जुनी, ५० टक्के अल्कोहोलची राय आणली आहे, आणि सोडा घालून ती 'कडू औषधासारखी' लागली. दोष बाटलीचा नाही, सोड्याचा आहे. सोड्याचा आंबट चुरचुरीतपणा लाकडाचा कडवटपणा वर काढतो.

राय म्हणजे आपली राई-मोहरी नव्हे. ते गव्हाच्या नात्यातलं धान्य आहे. अमेरिकी कायद्यानुसार या व्हिस्कीत ते किमान ५१ टक्के हवं, आणि पिंप दरवेळी कोरं, आतून जाळलेल्या ओकचं. बहुतेक स्कॉच वापरलेल्या पिंपात मुरते, म्हणून १० वर्षांच्या स्कॉचवरून १० वर्षांच्या रायचा अंदाज बांधू नका. इथे लाकूड कितीतरी जास्त उतरलेलं असतं.

चाखायला तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. त्यात ३० मिली ओता, दहा मिनिटं तसाच ठेवा. नाक आत खुपसू नका, ओठ किंचित उघडे ठेवून कडेने वास घ्या. पहिला घोट फक्त जीभ सरावण्यासाठी, मत दुसऱ्यावर बनवा. मग पाऊण छोटा चमचा पाणी घाला, म्हणजे साधारण ३ ते ४ मिली. अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या आसपास येतं आणि झोंबणं कमी होऊन वास मोकळा होतो. आधी लसूण शेव किंवा पान खाल्लं असेल तर हा सगळा खटाटोप फुकट.

काय शोधायचं? धान्याकडून काळी मिरी, पुदिना, आणि रायचं प्रमाण जास्त असेल तर चक्क शेपू. लाकडाकडून व्हॅनिला, लवंग, सुकं खोबरं, जळत आलेला साखरेचा पाक. शेवटी जिभेच्या कडा उकळून उकळून काळ्या केलेल्या चहासारख्या आवळल्या, तर पिंपात जरा जास्तच राहिली असं समजा. माझ्या मते जुन्या रायची खरी परीक्षा हीच: त्या तुरटपणाखाली शेपू-मिरी शिल्लक आहे की नाही.

कॉकटेलचं गणित याच तुरटपणावर चालतं. लिंबू असलेलं काही करू नका. आंबट आणि तुरट एकत्र आले की तोंड कोरडं पडतं. व्हिस्की सावरला, म्हणजे लिंबू घातलेल्या कॉकटेलला, ४ वर्षांची स्वस्त राय उत्तम.

ओल्ड फॅशन्ड नावाच्या कॉकटेलमध्ये मात्र ही शोभते. ६० मिली राय, ५ मिली साखरेचा पाक (साखर-पाणी समप्रमाण), अँगोस्तुरा बिटर्सचा (कडू वनस्पतींचा अर्क) एकच शिडकावा. एरवी दोन घालतात, इथे कडवटपणा लाकडानेच आणलेला असतो. बर्फावर अर्धा मिनिट ढवळा, बर्फाच्या एका मोठ्या खड्यावर गाळा. फ्रिजमधले ओले, बारीक तुकडे वापरले तर दहा-पंधरा सेकंदांतच थांबा, नाहीतर पाणचट होईल. वर संत्र्याची साल पिळा. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असते, जाड सालीचं माल्टा मिळालं तर बरं.

मॅनहॅटन या दुसऱ्या कॉकटेलला नेहमीचं माप ६० मिली रायला ३० मिली गोड लाल व्हर्मुथ. इथे २० ते २५ पुरे. व्हर्मुथ ही वाइनच आहे. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिन्याभरात संपवायची. मुंबईच्या उकाड्यात कपाटात सहा महिने पडलेली बाटली कुठलीही राय बिघडवेल. लोक नाव मात्र व्हिस्कीला ठेवतात. आणि ढवळूनही तुरट लागलं तर व्हर्मुथ वाढवू नका, त्यातही कडू वनस्पती असतात. अर्धा छोटा चमचा पाक घाला.

थंडीने वास दबतो, म्हणून कॉकटेलमध्ये वयाचा निम्मा पैसा बुडतोच. मी असतो तर बाटलीचे दोन-तीन पेग ओल्ड फॅशन्डला दिले असते, बाकी नुसती.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. पाव उरली की छोट्या बाटलीत काठोकाठ भरा.