कॅराजिनन थेट इंडोनेशियातून मागवावे का?

आपला प्रश्न असा आहे की, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आपल्या जेली आणि फ्लेवर्ड मिल्कच्या कारखान्याला महिन्याला सुमारे २०० किलो कॅराजिनन (जेली गोठवणारा आणि दूध दाट करणारा घटक) लागते, तर ते व्यापाऱ्याकडून न घेता थेट इंडोनेशियातून मागवल्यास कोणते धोके संभवतात. तुर्भे येथे अन्नघटकांच्या आयातीचे काम मी बारा वर्षे करीत आहे. माझ्या मते आपल्याला खरी भीती बंदराची नसावी. ती खरेदीच्या कागदावर काय लिहिले आहे याची असावी.

समुद्री शेवाळापासून मिळणारे कॅराजिनन दोन प्रकारचे असते. शुद्ध केलेल्या मालाचा क्रमांक आयएनएस (अन्नात मिसळायच्या पदार्थांची आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धती) ४०७, तर अर्धशुद्ध मालाचा ४०७ए. दुसऱ्यात शेवाळाचा सेल्युलोज शिल्लक राहतो, त्यामुळे आम्लात न विरघळणारा भाग पहिल्यात २ टक्क्यांपर्यंत, तर दुसऱ्यात किमान ८ टक्के असतो. दुधात हा फरक फारसा दिसत नाही, पण पारदर्शक जेली गढूळ होते. आम्ही एकदा स्वस्त दर पाहून अर्धशुद्ध माल घेतला आणि कागदपत्रांत मात्र सवयीने ४०७ लिहिले. गोणीवर ४०७ए छापलेले होते. न्हावा शेव्याला नमुना काढला गेला, अहवाल जुळला नाही, सीएफएसचे (बंदराजवळील कंटेनर गोदामाचे) भाडे रोज चढत गेले आणि अखेर माल परत पाठवावा लागला. चूक सर्वस्वी आमची होती.

शेवाळ समुद्रातील जड धातू शोषून घेते. एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीने कॅराजिननसाठी दर किलोला आर्सेनिक ३, शिसे ५, कॅडमियम २ आणि पारा १ मिलिग्रॅम अशा मर्यादा ठरविल्या आहेत. पुरवठादार पाठवतो तो सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला, पुष्कळदा जुन्याच लॉटचा असतो. म्हणून माल जहाजावर चढण्यापूर्वी त्याच लॉटचा नमुना मागवून येथील एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. जेलची ताकद सारखी राखण्यासाठी त्यात साखर किंवा पोटॅशियम क्लोराइड मिसळण्याची पद्धत आहे. ते गैर नाही, पण नोंदविलेले असावे.

परवान्याचे थोडक्यात सांगतो. आपला उत्पादनाचा परवाना आयातीला चालत नाही. आयईसी (आयात-निर्यातदाराचा सरकारी क्रमांक) आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय आयात परवाना वेगळा लागतो. गोणीवर आयातदाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि शाकाहारी चिन्ह नसेल तर बंदरात स्टिकर लावण्याची मुभा मिळते. बॅच क्रमांक नसेल तर मात्र सुटका कठीण. आसियान करारातील सवलतीच्या शुल्कासाठी फॉर्म एआय, म्हणजे मूळ देशाचा दाखला, हवाच, शिवाय सीमाशुल्काच्या २०२० च्या नियमांनुसार मूळ देशाची माहिती आयातदाराने स्वतः ठेवावी लागते. इंडोनेशियन शेवाळावर चीनमध्ये प्रक्रिया झाली असेल, तर ही सवलत मिळेल असे धरून चालू नका.

परवान्याच्या अडचणींपेक्षा पुरवठ्याचा धोका मोठा आहे. ज्यापासून कॅराजिनन काढतात ते कप्पाफायकस शेवाळ समुद्रात दोरीवर साधारण ४५ दिवसांत तयार होते, पण पाणी तापले किंवा पावसाने खारेपणा उतरला की ‘आइस-आइस’ रोगाने फांद्या पांढऱ्या पडून गळतात. डिसेंबर २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये ‘राय’ वादळ आले तेव्हाही शेवाळाच्या शेतांचे मोठे नुकसान झाले. दोन पुरवठादार ठेवा असे सगळेच सांगतात, परंतु दोघेही इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसी प्रांतातूनच कच्चा माल उचलत असतील तर ते दोन नव्हेत, एकच. तमिळनाडूतील मंडपमच्या किनाऱ्यावरही हेच शेवाळ वाढवतात. तेथील मालाची आपल्या जेलीत चाचणी जरूर घ्यावी.

आपल्या मागणीला पूर्ण कंटेनर काही वर्षे पुरेल, म्हणजे माल इतरांबरोबर सामायिक कंटेनरमध्ये येणार आणि त्यातील एकाचाही माल अडकला तर आपलाही खोळंबू शकतो. म्हणून पहिले वर्ष नवी मुंबईतील साठेदाराकडूनच, परंतु लॉट क्रमांक आणि सीओए मागून, खरेदी करावी असे मी सुचवेन. पावसाळ्यात गोण्या लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून दूर ठेवाव्यात. या मालात ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे आणि जुलैत आपल्याकडची हवा ती सहज ओलांडायला लावते.