खोक्यावर सी-३, रिंगवर काहीच नाही

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र आणि फोटो मिळाले. धरणगावजवळ तुमची जिनिंग. ऐन हंगामात ब्लोअर फॅनसाठी जळगावच्या एका व्यापाऱ्याकडून २२२१६ के, सी-३ अशी आठ बेअरिंग घेतली. चार बसवली, त्यातली तीन नऊ दिवसांत निळी पडून जाम झाली आणि दोन पाळ्या बंद राहिल्या. व्यापारी म्हणतो, तुमच्या फिटरनं हातोड्यानं ठोकली असतील. ५८ हजारांचा पुढच्या तारखेचा चेक त्याच्याकडे आहे. तुम्ही विचारता, चेक थांबवू का, आणि बनावट मालाची पोलीस केस करू का?

आधी चेकचं बोलू, कारण वेळ तिथेच कमी आहे. बँकेला गुपचूप ‘पेमेंट थांबवा’ असं लिहून मोकळे होऊ नका. पेमेंट थांबवल्यामुळे परत आलेल्या चेकवरही कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम, लागू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच सांगितलं आहे. देणं होतं असं न्यायालय गृहीत धरतं आणि ते नव्हतं हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं. म्हणून माल नाकारल्याचं पत्र चेक बँकेत पडण्याआधी गेलं पाहिजे: हा माल ऑर्डरप्रमाणे नाही, शिल्लक चार बेअरिंग नाकारतो, घेऊन जा, चेक टाकू नका. हे स्पीड पोस्टानं पाठवा आणि व्हॉट्सअॅपवरही. चालू असलेल्या एका बेअरिंगचे पैसे द्यायची तयारी त्याच पत्रात लिहा. खात्यात ५८ हजार राहू द्या. तरीही चेक परत जाऊन नोटीस आलीच, तर ती हातात पडल्यापासून पंधरा दिवस मिळतात. ते वाया घालवू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्या एका फोटोवर मी बराच वेळ थांबलो. खोक्याच्या लेबलवर सी-३ आहे, आतल्या रिंगवर नुसतं २२२१६ के. सी-३ म्हणजे आतला क्लिअरन्स, रिंग आणि रोलरमधली मोकळी जागा, नेहमीपेक्षा जास्त. फॅन वेगानं फिरतो, आतली रिंग तापून फुगते, तेव्हा ती जास्तीची जागा कामी येते. नेहमीच्या क्लिअरन्सला वेगळं चिन्ह नसतं, सी-३ मात्र एरवी रिंगवर कोरलेलं असतं. त्यामुळे खोकं एक आणि माल दुसरा, असा संशय इथे पक्का होतो. चौथं बेअरिंग टिकलं हे ठीक, पण तेही उतरवाल तेव्हा रिंग पाहा.

इथेच तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे. तुम्ही ‘बनावट, बनावट’ म्हणत आहात, आणि बनावट सिद्ध करायला कंपनीचा अहवाल लागतो. वस्तुविक्री अधिनियम, १९३० चं कलम १५ त्यापेक्षा सोपं आहे: वर्णनावर विकलेला माल वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे. ऑर्डरचा तुमचा मेसेज आहे, ‘फॅनसाठी पाहिजे, २२२१६ के, सी-३’. त्यातला ‘फॅनसाठी’ हा शब्द कलम १६ खालीही तुमच्या बाजूनं वजन टाकतो, कारण वापर कशासाठी हे तुम्ही कळवलं होतं. नुसता नंबर आणि कंपनीचं नाव देऊन मागवलं असतं तर तो आधार कमकुवत झाला असता. मोबाइल बदलू नका, मेसेज पुसू नका. न्यायालयात ते दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागेल.

बिलावर छापलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीनं घाबरू नका. मागितलं एक आणि दिलं दुसरं, याला ती ओळ झाकत नाही. बसवलेल्या बेअरिंगबद्दल नुकसानभरपाई मागायची, न वापरलेली नाकारायची. ती जळगावला नेऊन टाकायची जबाबदारी कलम ४३ प्रमाणे तुमच्यावर नाही, कळवलं की पुरे. उशीर मात्र महागात पडेल. माल ठेवून गप्प बसलात तर तो स्वीकारला असं धरतात.

एक प्रश्न मी तुम्हाला कळकळीनं विचारतो: ती कशी बसवली? सरळ हातोडा बसला असेल तर रिंगवर ठोकल्याची खूण राहते. टेपर बोअरचं, म्हणजे निमुळत्या भोकाचं (नंबरातला ‘के’ तोच), बेअरिंग शाफ्टवरच्या स्लीव्हवर चढवताना फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी क्लिअरन्स मोजत नट आवळायचा असतो. फिटरला विचारून खरं काय ते मला सांगा. उलटतपासणीत कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. जळालेली तिन्ही बेअरिंग धुवू नका, भंगारात देऊ नका. ग्रीससकट वेगळ्या पिशव्यांत ठेवून प्रत्येकीवर तारीख लिहा.

ग्राहक आयोगाकडे जायचा विचार सोडा. २०१९ च्या कायद्यात व्यापारी उपयोगासाठी घेणारा ग्राहक नाही. स्वतः राबून पोट भरणाऱ्या पिठाच्या गिरणीवाल्याला सवलत आहे, पाळ्यांमध्ये कामगार लावणाऱ्या जिनिंगला ती मिळणं अवघड. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. हंगाम चालू आहे हे व्यापाऱ्याला माहीत होतं, म्हणून बंद पाळ्यांचं नुकसान करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली मागता येईल. सुरतेहून रातोरात मागवलेल्या बेअरिंगचा जादा खर्चही त्यात धरा, लॉगबुक जपा. मागणी तीन लाखांच्या आत असेल तर साधा दावा. वर गेली तर वाणिज्य न्यायालय, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची.

‘एमएसएमईत (लघुउद्योगांच्या कायद्याखाली) केस करून तिप्पट व्याज घेईन’ ही व्यापाऱ्याची धमकी मनावर घेऊ नका. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती, थकलेल्या पैशांवरच्या त्या व्याजासाठी नाही.

पोलिसांचं म्हणाल तर खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ च्या कलम १०४ चा दखलपात्र गुन्हा आहे. मात्र जप्तीसाठी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत लागतं, आणि ‘मी खबरदारी घेतली होती, माल अमुक ठिकाणाहून आणला’ असं म्हणायची सोय विक्रेत्याला आहे. म्हणून आधी खोक्याचे आणि रिंगचे फोटो कंपनीच्याच अॅपवर पाठवा. एसकेएफचं ‘ऑथेंटिकेट’, शेफलरचं ‘ओरिजिनचेक’ त्यासाठीच आहेत. तिथून लेखी उत्तर आलं की फिर्याद लिहायला मी बसतो.

उरलेल्या चारपैकी तीन खोक्यांचं सील शाबूत आहे ना? ती कुणालाही उघडू देऊ नका.