अमेरिकेच्या प्रेअरीवरचं, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ प्रदेशातलं, छोटं गाव नेमकं कसं असतं? त्याचा इतिहास काय, आणि अशी गावं आता खरंच संपत चालली आहेत का?

गेली नऊ वर्षं मी कॅन्सस राज्यात, विचिटा शहरात राहतो. प्रेअरीवरची पुष्कळ गावं येता-जाता पाहिली, पण पुन्हा पुन्हा गेलो ते एकाच गावात. त्याचं नाव ग्रीन्सबर्ग. त्यामुळे सगळ्या प्रेअरीबद्दल मोघम लिहिण्यापेक्षा या एका गावाबद्दल सांगतो. ‘संपत चालली आहेत का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच थोडंफार मिळालं.

विचिटाहून ५४ नंबरच्या हायवेने पश्चिमेला निघालं की पावणेदोन तासांत ग्रीन्सबर्ग येतं. वाटेत डोंगर नाही, टेकडी म्हणावी असंही फारसं काही नाही. गहू, गवत, गुरं, आणि अधूनमधून क्षितिजावर एक उंच पांढरी आकृती. ती म्हणजे धान्याचा एलिव्हेटर, एकमेकांना चिकटून उभी केलेली काँक्रीटची कोठारं. आपल्याकडे गाव येण्याआधी देवळाचा कळस दिसतो, तसा इथे एलिव्हेटर दिसतो.

ही जमीन मुळात कायोवा, कोमांची, शायेन या लोकांची. १८६७ च्या ऑक्टोबरात इथून जवळच, मेडिसिन लॉजला, त्यांच्याशी तह झाले आणि त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, राखीव जमिनींवर पाठवलं गेलं. ग्रीन्सबर्ग ज्या काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, मुख्य ठिकाण आहे तिचं नाव कायोवा काउंटी. कोर्टावर, शाळेवर, दवाखान्यावर सगळीकडे हे नाव आहे. ज्यांचं नाव आहे ती माणसं मात्र इथून घालवली गेली. गावाचा इतिहास सांगताना लोक १८८६ पासून सुरुवात करतात. मला ते पुरेसं वाटत नाही, म्हणून हे आधी लिहिलं.

१८८६ मध्ये गाव वसलं. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळायची, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. झाडं नाहीत, त्यामुळे लाकूड नाही. अनेकांनी गवताळ मातीचे ठोकळे कापून त्यांचीच घरं रचली. गावाचं नाव पडलं डी. आर. ग्रीन या घोडागाड्यांच्या मालकावरून. त्याच्या गाड्या इतक्या सुसाट पळायच्या की त्याला ‘कॅननबॉल’, म्हणजे तोफेचा गोळा, म्हणत.

माणसं आली, रेल्वे येणार होती, पण पाण्याचं काय? वाहती नदी गावात नाही. सांता फे रेल्वेच्या इंजिनांना आणि गावाला पाणी हवं म्हणून १८८७ मध्ये विहीर खणायला घेतली. कुदळ, फावडं, दोरखंड आणि कप्पी, एवढ्यावर काम. शेतकरी, गुराखी, मजुरीला आलेले लोक, सगळे त्यात उतरले. १८८८ मध्ये ती पुरी झाली: १०९ फूट खोल, ३२ फूट रुंद, आतून दगडाने बांधून काढलेली. १९३२ पर्यंत गावाने तिचं पाणी प्यायलं. हाताने खणलेली जगातली सर्वांत मोठी विहीर म्हणून गाव तिला मिरवतं. आता तिच्यावर संग्रहालय आहे आणि आत उतरायला गोल जिना आहे.

मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतात, आणि नाही लागलं तर त्या घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नाही. पहिल्यांदा त्या जिन्यावरून उतरलो तेव्हा बाहेर ऑगस्टचं ऊन रणरणत होतं. खाली मात्र गारवा, आणि दगडाला ओला वास. अगदी आमच्या मळ्यातल्या विहिरीचा वास. दगडांच्या सांध्यांत पांढरट थर धरला होता. मी हात लावला आणि बराच वेळ तिथेच थांबलो.

मधली वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती प्रेअरीवरच्या शेकडो गावांची सारखीच आहेत. गव्हाला भाव आला, माणसं वाढली. १९३० नंतरच्या दशकात पाऊस रुसला आणि नांगरलेली मातीच उडून गेली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर भरदिवसा अंधार झाला. पुढे मोठे ट्रॅक्टर आणि कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, आली, एका कुटुंबाला हजारो एकर कसता येऊ लागले. मग इतक्या कुटुंबांची गरजच उरली नाही. १९६० च्या आसपास ग्रीन्सबर्गची वस्ती दोन हजारांना टेकली होती, २००० मध्ये ती १,५७४ वर आली. म्हणजे पोरं शिकायला बाहेर जाऊन परत न येणं हे दुःख वादळाच्या कितीतरी आधीचं आहे.

वादळ आलं ४ मे २००७ ला, शुक्रवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास. टॉर्नेडो जवळजवळ पावणेतीन किलोमीटर रुंद होता, गावापेक्षाही रुंद. वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या घरात. टॉर्नेडोची तीव्रता ठरवणाऱ्या, त्याच वर्षी लागू झालेल्या नव्या मोजपट्टीवर ईएफ-५, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा, ठरलेला हा पहिलाच टॉर्नेडो. भोंगे वीसेक मिनिटं आधी वाजले आणि लोक घराखालच्या तळघरांत उतरले. वर आले तेव्हा ९५ टक्के गाव उरलं नव्हतं. दहा-बारा माणसं गेली. प्रत्येक जीव मोलाचाच, पण एवढ्या विध्वंसात आकडा शेकड्यांत गेला नाही तो त्या भोंग्यांमुळे आणि तळघरांमुळे. दवाखाना पडला, शाळा पडली, घरं तर गेलीच. एलिव्हेटर उभा राहिला, आणि १९१४ चं विटांचं कोर्ट. विहिरीवरचं जुनं संग्रहालयही गेलं. त्यात हजार पौंडांची एक उल्का ठेवली होती, १९४९ मध्ये याच भागातल्या शेतात सापडलेली. ती ढिगाऱ्याखाली शाबूत मिळाली आणि आज नव्या इमारतीत पाहायला मिळते.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. आमचं गाव त्या पट्ट्यातलंच. पुढे आमचं पुनर्वसन झालं ते नव्या जागी, आखीव रस्त्यांच्या वसाहतीत. म्हणून ग्रीन्सबर्गमध्ये मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते याच गोष्टीचं: ही माणसं त्याच जागेवर का राहिली, आणि कशी?

वादळानंतर महिनोन्‌महिने लोक सरकारने दिलेल्या तात्पुरत्या घरांत राहिले. गावसभा मोठ्या तंबूत व्हायच्या. तिथेच हा विचार पुढे आला की सगळं नव्याने बांधायचंच आहे, तर वीज आणि पाणी कमी लागेल असं बांधू. ‘पर्यावरण’ या शब्दाचा राग असलेली माणसंही त्या तंबूत होती. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने ठराव केला की चार हजार चौरस फुटांहून मोठी प्रत्येक सरकारी इमारत ‘लीड प्लॅटिनम’ दर्जाचीच, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींच्या मानांकनातल्या सर्वांत वरच्या पायरीची, असेल. असा ठराव करणारं अमेरिकेतलं हे पहिलं गाव. शाळा आणि दवाखाना २०१० मध्ये उभे राहिले. गावाबाहेर दहा पवनचक्क्या आहेत, साडेबारा मेगावॅटच्या, म्हणजे गावाच्या गरजेहून कितीतरी जास्त. रस्त्यावरचे सगळे दिवे एलईडी केले, तेही बाकीच्या देशाच्या आधी.

पण यामुळे माणसं परत आली का? नाही आली. २०१० च्या जनगणनेत ७७७, २०२० मध्ये ७४०. म्हातारी माणसं विम्याचे पैसे घेऊन मुलांकडे गेली ती गेलीच. नवीन घर बांधणं अनेकांना झेपलं नाही. नव्या कारखान्यांची आशा होती, ती फारशी फळली नाही. ग्रीन्सबर्गची यशोगाथा म्हणून जे लिहिलं जातं त्यात हे शेवटच्या ओळीत येतं. ते आधी सांगायला हवं असं मला वाटतं.

आज गावातून चाललात तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल: गाव शंभर वर्षांहून जुनं, पण झाडं बहुतेक सगळी तरुण आणि एकाच वयाची. घरांच्या मधे मोकळे प्लॉट, त्यांत गवत कापून ठेवलेलं. कुठे पायऱ्या आहेत, पुढे घर नाही. मोठी खरेदी करायची तर तीस मैलांवरच्या प्रॅटला जायचं. नोकऱ्या म्हणजे शाळा, दवाखाना, काउंटीची कचेरी, ट्रॅक्टर-कंबाइनचं मोठं दुकान, एलिव्हेटर आणि शेती. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो, ओळख असो वा नसो. शेजारच्या मलिनव्हिल गावाची शाळाही आता इथल्याच शाळेत मिळाली आहे. शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर सगळी काउंटी दिसते. छोट्या शाळांना अकरा खेळाडू जमत नाहीत, म्हणून कॅन्ससमध्ये आठ जणांचं फुटबॉलही खेळतात. मला ही रीत फार आवडली. पोरं कमी पडली तर खेळ बंद करायचा नाही, नियम बदलायचा.

गाव जागं पाहायचं असेल तर जूनमध्ये जा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला गहू तेव्हा कापणीला येतो. टेक्ससपासून गहू कापत उत्तरेकडे सरकणाऱ्या टोळ्या आपली कंबाइन घेऊन येतात. एलिव्हेटरसमोर ट्रकांची रांग लागते. ट्रक काट्यावर चढतो, वरून एक लांब नळी गव्हात खुपसतात, त्या मूठभर दाण्यांचा ओलावा आणि वजन तपासतात. साडेतेरा टक्क्यांहून ओलावा जास्त निघाला की पैसे कापतात. तो आकडा कळेपर्यंत ट्रकमधल्या माणसाचा चेहरा अगदी लातूरच्या आडतीवरच्या माणसाचा असतो.

आणि ज्वारी! कॅन्सस हे अमेरिकेतलं सर्वांत जास्त ज्वारी पिकवणारं राज्य आहे. इथे तिला ‘मायलो’ म्हणतात. ताट कंबरेएवढंच, कणीस तांबूस आणि घट्ट. भाकरी कुणी करत नाही, बहुतेक गुरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते. एका शेतकऱ्याला मी सांगितलं की आम्ही हीच दोन वेळ खातो. त्याने पीठ कसं मळता ते विचारून घेतलं आणि मला निघताना पिशवीभर दाणे दिले. लाल ज्वारीची भाकरी थोडी तुरट लागली, पण फुगली.

गेल्या खेपेला विहिरीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एका सत्तरीच्या बाईंशी बोलणं झालं. वादळाच्या रात्री त्या तळघरात होत्या. बाहेर आल्यावर वीज चमकली तेव्हा एलिव्हेटर दिसला, त्यावरूनच आपण कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहोत ते कळलं, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना किल्लारीबद्दल सांगितलं. आमचं गाव जुन्या जागेपासून हलवलं, हेही सांगितलं. त्यांनी रस्त्यांचं विचारलं नाही, घरांचं विचारलं नाही. पहिला प्रश्न केला:

“नव्या जागी पाणी होतं का?”

म्हटलं, नव्हतं, सुरुवातीची वर्षं टँकर यायचा.

त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या दंडावर हात ठेवला. मग शाळेची पोरं आत आली, तशा उठून त्यांना सांगायला गेल्या की पायऱ्या ओल्या आहेत, कठडा धरून उतरा.