रुग्णालयात दाखल असताना नेहमीची औषधे वेळेवर मिळावीत यासाठी काय करावे?

आपल्या आईंना शस्त्रक्रियेसाठी दाखल करायचे आहे आणि घरी नियमित चालू असलेल्या गोळ्यांच्या वेळा तिथे चुकतील अशी धास्ती वाटते, असे आपण विचारले आहे. ही धास्ती रास्त आहे. रुग्णाजवळ थांबणाऱ्या माणसाने या वेळांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होता, म्हणजे मेंदूतील डोपामिन हे रसायन कमी पडून हालचाली मंदावण्याचा आजार. ती उणीव भरून काढणारी लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी ते सकाळी ६ आणि १०, दुपारी २ व सायंकाळी ६ वाजता घेत. या औषधाचे रक्तातील प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते, त्यामुळे आजार जुना झाल्यावर थोडा उशीरही शरीराला जाणवतो. खुब्याचे हाड मोडल्यामुळे त्यांना दाखल केले, तेव्हा कागदावर ती गोळी 'दिवसातून चार वेळा' एवढीच लिहिली गेली आणि वॉर्डातील फेरीप्रमाणे, म्हणजे बहुधा जेवणानंतर, मिळू लागली. वास्तविक प्रथिनयुक्त जेवणाने तिचे शोषण मंदावते. शस्त्रक्रियेच्या दिवशी 'उपाशी ठेवा' या सूचनेत तीही बंद झाली. संध्याकाळपर्यंत बाबांना कुशीवर वळता येईना, घोट गिळता येईना, आणि रात्री ते असंबद्ध बोलू लागले, तेव्हा त्यांना शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन आणले गेले. हे औषध मेंदूत डोपामिनचेच कार्य रोखते, म्हणून पार्किन्सन्सच्या रुग्णाला ते टाळतात. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइडही त्याच कारणाने टाळतात. मी ते इंजेक्शन थांबवायला सांगितले आणि बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टशी ड्यूटीवरच्या डॉक्टरांचे फोनवर बोलणे करून दिले.

माझा थोरला भाऊ तिथेच सर्वांसमोर म्हणाला, "डॉक्टरांना शिकवायला जाऊ नकोस, ते दुखावले तर बाबांचीच आबाळ होईल." ड्यूटीवरचे डॉक्टर मुळीच दुखावले नाहीत. त्यांनी इंजेक्शन रद्द केले, पाण्यात विरघळणारी गोळी नाकातील नळीतून सुरू केली आणि पुढच्या सर्व मात्रांच्या वेळा घड्याळाच्या आकड्यांत लिहिल्या. ब्रिटनमधील 'पार्किन्सन्स यूके' ही संस्था रुग्णालयांत या गोळ्या वेळेवर मिळाव्यात म्हणून २००६ पासून मोहीम चालवते आहे; यावरून तरी हा एका हट्टी मुलीचा कांगावा नव्हता, हे भावाला पटायला हवे होते.

आपण एवढे करा. औषधाचे नाव, मात्रा, घड्याळातील वेळ आणि शेवटची गोळी कधी घेतली, हे एका कागदावर लिहून दाखल होतानाच द्या, आणि गोळ्या डबीत न भरता मूळ पाकिटांसह न्या, कारण प्रत्येक औषध तिथे लगेच उपलब्ध होतेच असे नाही. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा की सकाळी कोणत्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या. पार्किन्सन्स व अपस्मार यांवरची औषधे आणि दीर्घकाळ चालू असलेली स्टिरॉइड्स अचानक बंद करणे धोक्याचे असते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या न विचारता कुटून देऊ नका. घरी सोडताना मिळणारी यादी जुन्या यादीशी ताडून पाहा आणि जे गळले असेल त्याचे कारण विचारा.

मात्र सर्वच औषधे चालू ठेवायची नसतात. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची काही औषधे शस्त्रक्रियेपूर्वी मुद्दाम थांबवतात. त्यामुळे उशाखालची गोळी परस्पर रुग्णाच्या हातावर ठेवू नये; परिचारिकेनेही तीच दिली असेल तर मात्रा दुप्पट होते. माझ्या भावाचा आक्षेप अशा परस्पर देण्यावर असता, तर मी तो तेव्हाच मान्य केला असता. त्याचा आक्षेप विचारण्यावर होता.